भाकरीत फेडलेली मजुरी

'आमच्या घरी कामाला आलेला माणूस कधी उपाशी गेला नाही', अशा अर्थाचे एक वाक्य जुन्या घराण्यांच्या आठवणींत हमखास भेटते. गवंडी असो, सुतार असो, लाकडे फोडायला आलेला असो की दळण-कांडण करणारी बाई असो. त्याला किंवा तिला चार घास दिल्याशिवाय घरधनीण स्वतः जेवत नसे, असे सांगताना सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो. ग्रामीण म्हणवल्या जाणाऱ्या साहित्यातही या दृश्याला मोठा मान आहे. हे सगळे खोटे आहे असे म्हणण्याचे कारण नाही. दयाळू माणसे सर्व जातींत होती आणि भुकेल्याला अन्न देणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु रिवाजाचा इतिहास दयाळूपणाने लिहिता येत नाही. कामावर आलेल्याला कोणी, कुठे बसवून, कशात वाढले, ते अन्न ताजे होते की उरलेले, आणि ते दिल्यामुळे मजुरीतले काय वजा झाले, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या भाकरीचा अर्थ लागत नाही. प्रस्थापितांच्या आठवणींत हे प्रश्न नसतात, कारण ते वाढणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले असते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कामाच्या बदल्यात जेवण हा व्यवहार मुळातच अपमानाचा आहे असे नाही. शेतकऱ्यांमध्ये 'इर्जिक' नावाची पद्धत होती. ज्याचे नांगरट-पेरणीचे काम अडले असेल त्याच्या रानात शेजारचे शेतकरी आपापली औते-बैल घेऊन जात, दिवसभर राबत, आणि तो त्यांना गोडधोडाचे किंवा सागुतीचे जेवण घाली. रोख पैसा द्यायचा नाही, मागायचा नाही. 'सावड' ही तशीच. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. येथे जेवण हा मजुरीचा मोबदला नव्हताच, कारण श्रमाची फेड श्रमानेच होणार होती. जेवणारा आणि वाढणारा यांच्या जागा पुढच्या आठवड्यात बदलणार होत्या. म्हणूनच इर्जिकीच्या पंगतीत कोणी मान खाली घालून बसत नसे. पण या पंगतीत औत-बैल असलेला माणूस बसे. ज्याच्याजवळ फक्त दोन हात होते आणि जो गावकुसाबाहेर राहत होता, त्याच्या झोपडीवर शाकारणी करायला गाव कधी इर्जिक घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही.

आता बलुत्याकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातली मते आपल्याला पटोत वा न पटोत, बलुतेदारांच्या देण्याघेण्याचा तपशील पाहण्यासाठी तो ग्रंथ आजही उघडावा लागतो. बलुतेदारांच्या तीन ओळी मानल्या जात: थोरली, मधली आणि धाकटी. ज्याचे काम शेतीला जास्त लागते त्याचा धान्यातला वाटा जास्त, असा त्यामागचा हिशेब. गावोगावच्या याद्यांत फरक आहेत. परंतु कित्येक ठिकाणी सुतार-लोहारांबरोबर महारही थोरल्या ओळीत गणला गेला आहे. हे विसरता कामा नये. म्हणजे खळ्यावर धान्याच्या राशीपाशी उभा असताना महार थोरल्या ओळीतला. गावाला त्याच्या श्रमाची किंमत ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. ठाऊक होती आणि ती ओळीने लावलेली होती.

पण तोच माणूस संध्याकाळी भाकरी मागायला दारात उभा राही तेव्हा त्याची ओळ कोणती? तेव्हा तो सगळ्यांच्या शेवटी. सुतार पडवीत बसून जेवे, न्हाव्याला ओट्यावर मिळे आणि येसकराला अंगणाच्या कडेला, वरून, त्याच्या पसरलेल्या फडक्यात. त्याची घुंगुरकाठी वाजली की घरातली बाई बाहेर येई ती हातात ताट घेऊन नव्हे. शिळ्या भाकरीचा तुकडा घेऊन. एकाच श्रमाचे दोन मोबदले होते. कच्चे धान्य खळ्यावर, वर्षातून एकदा, हक्काने. आणि शिजलेले अन्न दारात, रोज, याचनेने. गावगाड्याचे सगळे गुपित या दोहोंच्या फरकात आहे.

हा फरक कच्च्या आणि शिजलेल्या अन्नाचा आहे. जातिव्यवस्थेत कच्चे धान्य वर जाऊ शकते, खालीही येऊ शकते. शिजलेले अन्न मात्र पाण्यासारखे उतारानेच वाहते. कुणब्याच्या घरी सत्यनारायण सांगायला आलेला भटजी त्याच्या घरचा भात खात नाही; तो तांदूळ, डाळ, गूळ, तूप असा शिधा बांधून नेतो. खरे पाहता तोही घरी कामाला आलेला माणूसच. कित्येक याद्यांत जोशी हा बलुतेदार म्हणूनच नोंदलेला आहे. पण त्याच्या कामाचा मोबदला ही 'दक्षिणा' आणि तो जेवलाच तर जेवल्याबद्दलही दक्षिणा. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जी दक्षिणा वाटली जाई ती तर कोणतेही काम न करता, केवळ जन्म आणि विद्या यांच्या नावाने. १८१८ मध्ये राज्य गेले तरी इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. पुढे तिच्यातलाच पैसा संस्कृत पाठशाळेकडे आणि ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवला. एकाला जेवल्याबद्दल पैसे आणि दुसऱ्याला पैशाऐवजी उरलेसुरले जेवण. हा एकाच व्यवस्थेतला व्यवहार होता. जोतीराव फुल्यांनी 'ब्राह्मणांचे कसब' (१८६९) आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) यांत जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी भटभिक्षुकांच्या जेवणावर आणि दक्षिणेवर शेतकऱ्याचे किती जाते ते दाखवून दिले आहे. त्यांनी वर जाणाऱ्या अन्नाचा हिशेब मांडला. खाली येणाऱ्या अन्नाचा हिशेब मांडणारी माणसे पुढच्या पिढ्यांत निपजली.

आपल्या भाषेनेही हा उतार जपून ठेवला आहे. पाहुण्याला पान 'वाढतात'. कामकऱ्याला जेवू 'घालतात'. येसकराला भाकरी 'टाकतात', आणि हेच क्रियापद कुत्र्यालाही चालते. माझी आजी पन्नासच्या दशकात, लहान असताना, आईबरोबर भाकरी मागायला जात असे. कोणत्या घरी तुकडा 'दिला' आणि कोणत्या घरी 'टाकला', हे तिला म्हातारपणीही घरांच्या क्रमाने सांगता येई. तिला सनावळी ठाऊक नव्हती. तिच्या इतिहासाची कालगणना या दोन क्रियापदांनी झाली होती. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वाढणारी बाई ही त्या घराची मालकीण क्वचितच असे. कणगीतल्या धान्याची किल्ली तिच्या हातात नव्हती. तिच्या हातात असे ते उरलेले. ज्या बायकांनी कोणाचे लक्ष नाही असे पाहून गरम भाकरी फडक्यात सारली, त्यांचीही नावे आजी घेत असे.

उरलेले देण्याला धर्माचा आधार होता, ही गोष्ट केवळ जाता जाता सांगण्यासारखी नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राची वृत्ती कशी ठरवावी ते सांगितले आहे. त्याची कुवत, कामातले कौशल्य आणि त्याच्यावर पोसली जाणारी माणसे पाहून ती ठरवावी, असे एक वचन म्हणते. येथपर्यंत वाचणाऱ्याला वाटावे की ही वेतन ठरवण्याची बरी रीत आहे. पण लगेच पुढचे वचन येते: त्याला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्याचा कोंडा-भुसा आणि घरातले जुने सामानसुमान द्यावे. म्हणजे श्रमाचे मोल करायचे ते पहिल्या वचनात, आणि फेडायचे ते दुसऱ्या वचनातल्या वस्तूंनी.

महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्यावर गेल्यामुळे ती परिषद इतिहासात पाण्यासाठी गाजली. तिथे बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, शिळे-उष्टे तुकडे मागू नका, असेही निक्षून सांगितले होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्याचे पाणी आणि दारातली भाकरी हे दोन वेगळे प्रश्न नव्हते. गावाने पाणी नाकारले आणि भाकरी दिली. या दोन्ही कृती एकाच हाताच्या. अभ्यासकांनी पाण्यावर खूप लिहिले, भाकरीवर त्या मानाने कमी. याचे कारण असे की नाकारणे हा अन्याय म्हणून चटकन दिसतो, देणे हा अन्याय म्हणून दिसायला वेळ लागतो.

देण्यातला अन्याय कुठे होता? तो त्या भाकरीच्या बेहिशेबीपणात होता. महाराने दिवसरात्र करायची कामे मोजता येत नव्हती: सारा गोळा करताना हाळी देणे, सरकारी टपाल पोचवणे, अंमलदाराचे सामान वाहणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, वेशीची राखण, मेलेले ढोर ओढणे. कामाला मोजमाप नाही म्हणून मोबदल्यालाही नाही. १८७४ च्या वतन कायद्याने या बंधनाला इंग्रजी अमलाचाही शिक्का मिळाला. मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यातली एक प्रमुख मागणी अशी की बलुत्याचे रूपांतर रोख पैशात करावे आणि तो पैसा सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून महारांना द्यावा. वरवर पाहता ही हिशेबनीसाची मागणी. पण तिचा अर्थ असा होता की, महाराने मोबदल्यासाठी कोणाच्याही दारात उभे राहू नये. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. आपल्यातल्याही अनेकांना वतन सोडवत नव्हते, कारण कितीही हलकी असली तरी ती भाकरी आज संध्याकाळी मिळणारी होती आणि रोख पगार हा कागदावर होता. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा केला तो १९५८ साली.

जी भाकरी मोजता येत नाही ती थांबवता मात्र येते. ढोर ओढायला नकार दिला, मुलगा शाळेत घातला, नवरदेव घोड्यावर बसवला की पहिली बंद होई ती दारातली भाकरी. मग बलुते, मग शेतावरचे काम, मग वाण्याचे दुकान. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात हे शस्त्र नोंदवले आहे. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. अस्पृश्यांना हक्क बजावता येत नाहीत याचे मोठे कारण त्यांचे आर्थिक परावलंबन, आणि स्पृश्य गावकरी त्याचा उपयोग बहिष्कारासाठी करतात, असे त्या अहवालाचे म्हणणे. हल्लीच्या भाषेत बोलायचे तर ज्याला प्रेमळ परंपरा म्हणतात तिच्यातच संप फोडण्याची सोय होती.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात, म्हणजे धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी 'केसरी'तल्या एका जुन्या पत्राचा उल्लेख केला. मेलेली ढोरे ओढणे सोडल्यामुळे महारांचे कातडी, शिंगे, हाडे यांचे वर्षाला किती रुपयांचे नुकसान होते, याचा हिशेब त्या पत्रलेखकाने दिला होता. या हिशेबाला बाबासाहेबांचे उत्तर थोडक्यात असे की आम्ही लाभासाठी नव्हे, इज्जतीसाठी लढतो. या वादात पत्रलेखकाची बाजू मला फार बोलकी वाटते. वर्षानुवर्षे जो समाज आमच्या श्रमाचा हिशेब करायला तयार नव्हता, त्याला आम्ही काम सोडल्याबरोबर पै-पैचा हिशेब करता येऊ लागला!

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये, शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ मध्ये आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले, तेव्हा मराठी वाचकाने त्यांतले भुकेचे वर्णन वाचून हळहळ व्यक्त केली. पण ही पुस्तके भुकेची तितकीच अन्नाच्या रीतीचीही आहेत. आणि ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. ओमप्रकाश वाल्मीकि यांचे हिंदी आत्मकथन 'जूठन' १९९७ मध्ये आले. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या बरला गावची ती हकीकत. त्यागींच्या घरचे गोठे उपसणाऱ्या चुहऱ्यांना वर्षाला थोडेसे धान्य आणि रोज दुपारी पिठात कोंडा मिसळून मुद्दाम त्यांच्यासाठी केलेली रोटी मिळे. 'मुद्दाम त्यांच्यासाठी' हे लक्षात घ्यावे. येथे उरलेले देण्याचाही प्रश्न नाही. हलके अन्न वेगळे शिजवण्याची तसदी घेतली जात होती. पुढे एका लग्नात राबून झाल्यावर लेखकाची आई मुलांसाठी पानात वाढलेले थोडे जेवण मागते. यजमान उष्ट्या पत्रावळींच्या टोपलीकडे बोट दाखवतो. ती टोपली तिथेच उपडी करते आणि पुन्हा त्या दारात जात नाही.

गावगाड्यानंतर ही भाकरी शेतमजुरीत शिरली. सालदाराचा करार वर्षाचा. त्यात धान्य, थोडी उचल, धोतर, घोंगडी, वहाणा आणि कुठे कुठे दोन वेळचे जेवण. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात त्याची वेगळी थाळी. घरातल्या पोराला जनावरांमागे 'पोटावारी' ठेवले म्हणजे पगाराचा विषयच संपला. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा झाला तेव्हा वेतन रोख द्यावे असे त्यात म्हटले होते. पण जिथे वस्तुरूपाने देण्याची रूढी आहे तिथे सरकारला तशी मुभा देता येईल, अशी वाटही ठेवली होती. रूढी हा शब्द कायद्यात निरागस दिसतो. वेठबिगार नष्ट करण्याचा कायदा यायला १९७६ साल उजाडले.

याच काळातली एक वेगळी आठवण आपल्या वडीलधाऱ्यांकडे आहे. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर सुकडी वाटली गेली. खडी फोडणाऱ्या हातांना ती सुकडी काही फार रुचली असे नाही; मिलो ज्वारीइतक्याच शिव्या तिनेही खाल्ल्या. पण ती घेताना कोणी 'जोहार' घातल्याचे कोणी सांगत नाही. कामावर हजर आहे म्हणून ती मिळत होती आणि नाही मिळाली तर ओरडा करता येत होता.

शहरात काय झाले? गिरणीतल्या माणसाने पैसे मोजून खानावळीत ताट घेतले. तिथेही जातीच्या खानावळी होत्याच, पण पैसे मोजणाऱ्याला निदान भाजी खारट आहे असे म्हणता येत होते. घरकामाला गेलेल्या बाईच्या वाट्याला मात्र गावगाडाच पुन्हा आला. काल रात्रीचे उरलेले दुपारी तिच्या डब्यात, सणाला जुनी साडी, आणि पगारवाढ मागितली की 'आम्ही तुला घरच्यासारखे वागवतो, खायला-प्यायला देतो' हे उत्तर. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगार आणि सुट्टी हे त्यांचे प्रश्न होते. या कष्टकरी बायकांनी देण्याघेण्याचा बोलण्याचा विषयच बदलला, हे त्यांचे मोठे काम. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी.

आता हा प्रश्न आपल्या दारात आला आहे. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांनी घरे बांधली आहेत. आपल्या वसाहतींतही धुण्याभांड्याला बाई येते, नळ दुरुस्त करायला माणूस येतो, भिंतींना रंग लागतो. दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एक वेगळा कप पालथा घातलेला आहे, अशी घरे मी पाहिली आहेत. बाई मातंग असते, भटक्या जमातीतली असते, कधी आपल्याच नात्यागोत्यातली, मागे राहिलेली असते. शिळे तिला देताना आपण कोणते क्रियापद वापरतो? जेवण द्यायचे की नाही हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. आधी रोज ठरवावा, तो बाजारात असेल तितका पुरा द्यावा, आणि मग जेवण द्यायचे असेल तर जे आपण खातो ते, ज्यात आपण खातो त्यात द्यावे. नाही दिले तरी चालेल. तिने घरून डबा आणला असेल तर तिला तो सावलीत बसून खाता यावा इतकी जागा आणि प्यायला पाणी द्यावे.

या रिवाजाची उलटी बाजूही आहे आणि तीवर अजून फारसे लिहिले गेलेले नाही. माझ्या परिचयाच्या एका बौद्ध शिक्षकांनी काही वर्षांपूर्वी घर बांधले. फर्निचरचे काम करायला आलेले दोघे जुन्या बलुतेदार जातींतले. पहिल्या दिवशी चहा पुढे केला तेव्हा एकाचा सोमवार निघाला. मंगळवारी दुसऱ्याला पित्त झाले. बुधवारी दोघेही 'आत्ताच घेऊन आलो' म्हणाले. शिक्षकांच्या पत्नीने मग बंद पुड्यातली बिस्किटे आणि थंड पेयाची बाटली आणून ठेवली. ती मात्र दोघांनी आनंदाने घेतली. म्हणजे शिधा चालला, शिजलेले चालले नाही. ज्या घरातून आता मजुरी यायची होती त्या घरातून अन्न खाली वाहायला तयार नव्हते. दुपारी ते दोघे रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली आपापले डबे सोडत. काम एकोणीस दिवस चालले. दर शनिवारी शिक्षक मोजून पैसे देत, ते दोघे पुन्हा मोजून घेत आणि वहीत सही करीत.